गॅरिबाल्डी बिस्किटे दुसऱ्या दिवशी का सादळतात?

आपला प्रश्न मी जसा समजलो तसा आधी मांडतो. शिक्षणासाठी इंग्लंडमध्ये लीड्सला असताना आपल्याला गॅरिबाल्डी बिस्किटांची, म्हणजे कणकेच्या दोन पातळ पात्यांमध्ये सुकी द्राक्षे दाबून भाजलेल्या बिस्किटांची, आवड लागली, पुण्यात ती मिळेनात म्हणून आपण ती घरी करून पाहिली, आणि प्रत्येक वेळी त्याच तीन अडचणी आल्या: लाटताना वरची पाती फाटून मनुके बाहेर डोकावतात, भाजताना तेच मनुके करपून कडू होतात, आणि ओव्हनमधून काढताना झकास वाटणारी बिस्किटे दुसऱ्या दिवशी सादळून वातड होतात. आपण दिलेल्या प्रमाणात २ वाट्या मैद्याला १ वाटी लोणी आहे, आणि काळे मनुके कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, निथळून घेतलेले आहेत. याशिवाय घरात अंडे चालत नसल्यामुळे वरची चकाकी कशी आणावी, हेही आपण विचारले आहे.

मी इंग्लंडच्या उत्तर भागातील एका छोट्या बेकरीत बरीच वर्षे बिस्किटांचे काम केले, आणि आता नाशिकमध्ये माझी स्वतःची बेकरी आहे. तेव्हा तिकडचे बिस्किट आणि इकडचा मैदा, मनुके आणि हवा या दोन्ही बाजू मी हाताळलेल्या आहेत. त्या आधारावर सांगतो की आपल्या तिन्ही तक्रारींचे मूळ भाजण्यात नाही. पहिल्या दोन तक्रारी कणकेतील जास्तीच्या लोण्यामुळे आणि तिसरी फळातील जास्तीच्या पाण्यामुळे उद्भवते. मात्र आपला ओव्हन, आपला मैदा आणि आपण आणलेले मनुके मी पाहिलेले नाहीत, आणि या तिन्हींवर बरेच काही अवलंबून असते. म्हणून मी खाली जी मापे देतो त्यांच्यामागचे कारणही सोबत देतो, म्हणजे आपल्या परिस्थितीप्रमाणे त्यांत फेरफार करणे आपल्याला सोपे जाईल.

मुळात हे बिस्किट कसे असायला हवे, ते आधी स्पष्ट केले पाहिजे, कारण आपण ज्याला दोष म्हणता त्यातला थोडा भाग त्याच्या स्वभावातच आहे. लंडनच्या बर्मंडसी भागात १८५७ साली पीक फ्रीन ही बिस्किट कंपनी सुरू झाली आणि तिने १८६१ साली गॅरिबाल्डी बाजारात आणले. आपल्याकडे घरोघरी चहाबरोबर खाल्ली जाणारी मारी आणि बोर्बन ही दोन्ही बिस्किटेही मूळची याच कंपनीची. मारी १८७४ सालची आणि बोर्बन १९१० सालचे. म्हणजे त्या घराण्यातली दोन भावंडे भारतात रुळली आणि सर्वांत थोरले तेवढे इंग्लंडातच राहिले. नाव अर्थातच इटलीचा स्वातंत्र्ययोद्धा ज्युसेप्पे गॅरिबाल्डी याचे. मॅझिनीच्या जोडीने त्याचे नाव मराठी वाचकालाही परके नाही. १८६० साली त्याने आपल्या लाल डगलेवाल्या स्वयंसेवकांसह सिसिलीवर स्वारी केली, पुढच्याच वर्षी इटलीचे एकसंध राज्य जाहीर झाले, आणि इंग्लंडमध्ये त्याच्या नावाला तेव्हा एवढे वलय होते की १८६४ साली तो लंडनला आला तेव्हा त्याला पाहण्यासाठी प्रचंड गर्दी लोटली. बिस्किट मात्र या भेटीच्या तीन वर्षे आधीच दुकानांत आलेले होते.

या बिस्किटाची घडण कारखान्याच्या पद्धतीतून आलेली आहे आणि ती समजली की आपले बरेच प्रश्न सुटतात. कणकेची एक लांबच लांब पातळ पाती पट्ट्यावरून सरकत येते, तिच्यावर बारीक सुक्या द्राक्षांचा थर पसरला जातो, त्यावर दुसरी पाती येते, आणि मग हे तिन्ही थर जड रुळांखालून असे दाबून काढतात की फळ दोन्ही पात्यांत रुतून बसते. वरून चकाकीचा हात फिरतो, आडव्या-उभ्या रेघा पडतात, आणि भाजल्यावर बिस्किटे एकमेकांना जोडलेल्या पट्ट्यांच्या स्वरूपात बाहेर येतात. खाणाऱ्याने ती मोडून घ्यायची. दाबलेले फळ पातीखालून काळसर दिसते म्हणून इंग्रज मुले त्याला चिरडलेल्या माश्यांचे बिस्किट म्हणतात. नाव किळसवाणे असले तरी वर्णन अचूक आहे. फळ दिसायला हवे, पण पातीच्या आत राहायला हवे, आणि चपटे झालेले असायला हवे.

या दाबाखाली टिकणारी पाती चिवट असावी लागते. म्हणून गॅरिबाल्डीच्या कणकेत लोणीही बेताचे आणि साखरही बेताची असते. गोडवा बहुतांशी फळाचा. चाव्याला ते आधी किंचित कडक लागते आणि मग फळापाशी दाताला थोडे ओढ देते. ते नानकटाईसारखे तोंडात विरघळत नाही आणि विरघळूही नये. आपल्याला लीड्समध्ये आवडलेले बिस्किट हेच असेल, तर खुसखुशीतपणाची अपेक्षा थोडी बाजूला ठेवावी लागेल. ताज्या बिस्किटापेक्षा डब्यात एक रात्र काढलेले गॅरिबाल्डी मला स्वतःला अधिक आवडते, कारण तोपर्यंत फळ आणि पाती यांचा मेळ बसलेला असतो. अर्थात मेळ बसणे वेगळे आणि बिस्किट पोळीसारखे लोंबणे वेगळे. आपल्याकडे दुसरी गोष्ट घडते आहे.

आता लोण्याकडे वळू. वाटीने मोजले तर २ वाट्या मैद्याला १ वाटी लोणी हे निम्मे वाटते. परंतु मैदा हलका आणि लोणी जड असल्यामुळे वजनाने पाहता ते मैद्याच्या जवळजवळ बरोबरीला जाते. एवढे मोहन पडले की मैद्याच्या कणाकणावर स्निग्धाचा लेप बसतो, पाणी त्याच्यापर्यंत पुरेसे पोहोचत नाही, आणि कणकेत ताण धरणारे ग्लुटेनचे जाळे तयारच होत नाही. नानकटाईला नेमके हेच हवे असते. गॅरिबाल्डीला ते मारक ठरते, कारण लाटण्याचा दाब पडताच मनुका वर रेटला जातो आणि पाती ताणली जाण्याऐवजी फाटते. आपण गुळाची पोळी करत असाल तर हा प्रकार आपल्या ओळखीचा आहे: वरची पारी चांगली तिंबलेली नसेल तर गूळ बाहेर येतो आणि तव्यावर करपतो. तसेच येथेही घडते. म्हणून लोण्याचे वजन मैद्याच्या पाव हिश्श्याइतके ठेवावे. मी २०० ग्रॅम मैद्याला ५० ग्रॅम लोणी घेतो. जुन्या इंग्रजी घरांत लोण्याऐवजी डुकराची चरबीही वापरत असत, पण प्रमाण साधारण असेच कमी असे.

तूप चालेल का, हा पुढचा प्रश्न कुणाच्याही मनात येईल. चालते, मात्र लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी असते आणि तुपात ते नसते, त्यामुळे तूप ४० ग्रॅमच घ्यावे आणि दूध दोन चमचे वाढवावे. साजूक तुपाचा वास फळावर मात करतो असे माझे मत आहे, म्हणून मी लोणीच पसंत करतो. बाजारातले पिवळे खारे लोणी वापरणार असाल तर वेगळे मीठ घालू नये.

ब्रिटिश घरगुती पाककृतींत पुष्कळदा बेकिंग पावडर मिसळलेला तयार मैदा सांगितलेला असतो. त्याने बिस्किट हलके होते हे खरे, पण पाती फुगली की ती फळापासून सुटते, मध्ये पोकळी राहते आणि कापताना थर वेगळे होतात. मी २०० ग्रॅम मैद्याला पाव छोटा चमचा बेकिंग पावडर घालतो, त्याहून अधिक नाही. पाती आणि फळ यांचे एकजीव होणे मला फुगण्यापेक्षा मोलाचे वाटते.

फळाच्या विषयावर मात्र सविस्तर बोलायला हवे, कारण आपल्या प्रश्नाचा गाभा तेथेच आहे. मूळ बिस्किटात जे फळ वापरतात त्याला इंग्लंडमध्ये करंट म्हणतात. ते म्हणजे ग्रीसमध्ये पिकणाऱ्या एका अगदी लहान, बिनबियांच्या काळ्या द्राक्षाचा सुकवलेला प्रकार. एकोणिसाव्या शतकात ग्रीसच्या या पिकाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक ब्रिटनच होते, आणि त्यामुळे ते फळ तिकडच्या बेकरीवाल्यांना भरपूर उपलब्ध असे. एक्ल्स केक या फळ भरलेल्या छोट्या पेस्ट्रीपासून नाताळच्या पुडिंगपर्यंत ते सगळीकडे दिसते त्याचे कारण हेच. या फळाचा दाणा मिरीपेक्षा थोडासाच मोठा असतो, त्याची साल पातळ असते आणि चव गोडाबरोबर किंचित आंबट असते. आकाराचा मुद्दा केवळ दिसण्याचा नाही. दाणा लहान असला की दोन मिलिमीटरच्या पातीखाली तो सहज मावतो. मोठा मनुका तेथे मावत नाही आणि पाती फाडून वर येतो.

पुण्याच्या बाजारात मिळणाऱ्या काही पाकिटांवर ब्लॅक करंट असे लिहिलेले असते, पण आत बहुधा बिनबियांचे काळे मनुकेच असतात. खऱ्या ब्लॅक करंटचे झुडूपच निराळे असून त्याचा द्राक्षाशी संबंध नाही, तेव्हा पाकिटावरील नावापेक्षा आतील दाणा पाहून घ्यावा. आयात केलेले ग्रीक करंट मिळाले तर उत्तमच. नाही मिळाले तर माझा अनुभव असा की तासगाव-सांगलीकडचे बारीक बेदाणे, आणि त्यांतही पिवळ्यापेक्षा तपकिरी झाक असलेले, बियांच्या काळ्या मनुक्यांपेक्षा येथे चांगले बसतात. काळ्या मनुक्यांची चव मूळ फळाच्या अधिक जवळची आहे हे मला मान्य आहे, परंतु त्यात बिया असतील तर बिस्किट खाताना त्या कचकन दाताखाली येतात आणि सगळी मजा जाते. म्हणून मी दोन भाग बिनबियांचे काळे मनुके आणि एक भाग बेदाणे घेतो, आणि सगळे सुरीने जाडसर चिरतो. चिरताना सुरीला थेंबभर तेल लावावे, म्हणजे गर चिकटत नाही. चिरलेले तुकडे तुरीच्या दाण्याएवढे झाले की थांबावे. त्याहून बारीक केले तर त्यांचा लगदा होतो आणि पाती निसरडी होऊन सरकू लागते. आंबटपणासाठी चिरलेल्या फळाला अर्ध्या लिंबाची किसलेली साल लावली तर बेदाण्यांचा एकसुरी गोडवा मोडतो. रस लावू नये, फक्त साल.

आता भिजवण्याविषयी. चांगल्या सुक्या करंटमध्ये किंवा बेदाण्यात साधारण १५ ते १८ टक्के पाणी असते. १२० ग्रॅम फळ घेतले तर त्यात पाणी सुमारे २० ग्रॅम. अर्धा तास कोमट पाण्यात ठेवल्यावर तेच फळ सहज १५० ग्रॅम भरते. म्हणजे आपण त्यात ३० ग्रॅम पाणी नव्याने भरले. भाजताना यातील काही भाग वाफ होऊन जातो, आणि जाता जाता पात्या फुगवून सैल करून जातो. पण बराचसा सालीच्या आत अडकून राहतो. दुसरीकडे नीट भाजलेल्या पातीत पाणी जेमतेम ३ टक्के उरलेले असते. बंद डब्यात ही दोन्ही एकत्र राहिली की पाणी ओल्याकडून कोरड्याकडे जाऊ लागते, आणि फळातील व पातीतील ओढ सारखी होईपर्यंत ते थांबत नाही. २०० ग्रॅम मैद्याच्या घाण्यात पातीचे भाजलेले वजन सुमारे २६० ग्रॅम असते. तिच्यात १० ग्रॅम जरी जास्तीचे पाणी शिरले तरी तिचा ओलावा ६ ते ७ टक्क्यांवर जातो, आणि त्या पातळीला कोणतेही बिस्किट कुरकुरीत राहत नाही. आपली बिस्किटे रात्रीतून सादळतात ती याच हिशेबाने. डबा कितीही घट्ट असला तरी उपयोग नाही, कारण पाणी बाहेरून येत नसून डब्यातच आहे.

म्हणून फळ भिजवू नये. मनुके धुतल्याशिवाय वापरणे पटत नसेल, आणि आपल्याकडच्या सुट्या मालाच्या बाबतीत ती काळजी योग्यच आहे, तर ते आदल्या दिवशी भरभर धुवावेत, स्वच्छ पंचावर पसरून पंख्याखाली रात्रभर वाळवावेत आणि वापरण्यापूर्वी चिमटीत दाबून पाहावेत. दाबल्यावर दाणा चपटा होतो, बोटाला चिकटतो, पण बोट ओले होत नाही, अशी अवस्था हवी. दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. जुना, खडखडीत वाळलेला मनुका वापरला तर तो रुतत नाही, पातीला भोक पाडतो आणि भाजल्यावर खड्यासारखा होतो. असा माल हाती आला तर तो दोन-तीन मिनिटे वाफेवर धरून रात्रभर झाकून ठेवणे मला भिजवण्यापेक्षा कितीतरी बरे वाटते, कारण त्यात पाणी आटोक्यात राहते.

येथवरच्या चर्चेतून हाती आलेले प्रमाण एकदा सलग लिहितो: मैदा २०० ग्रॅम, थंड लोणी ५० ग्रॅम, पिठीसाखर ४० ग्रॅम, बेकिंग पावडर पाव छोटा चमचा, लोणी अळणी असल्यास मीठ २ ग्रॅम, थंड दूध सुमारे ६० मिलिलिटर आणि कोरडे फळ १२० ग्रॅम. दुधाच्या आकड्यावर विसंबू नये, कारण मैद्याची पाणी धरण्याची ताकद पाकिटागणिक बदलते आणि पावसाळ्यात मैदा आधीच थोडा ओलावलेला असतो. लोणी मैद्यात चोळून रव्यासारखे करावे, साखर मिसळावी आणि दूध थोडे थोडे घालत शंकरपाळ्यांच्या कणकेइतपत घट्ट कणीक भिजवावी. बिस्किटाची कणीक मळू नये असे सर्वत्र सांगितले जाते. गॅरिबाल्डीच्या बाबतीत मी ते पाळत नाही. गोळा जमल्यावर तो दोन मिनिटे तिंबून घ्यावा, कारण आपल्याला ताण धरणारी पाती हवी आहे. त्यानंतर मात्र तो झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा. ही विश्रांती टाळली तर पाती लाटताना मागे ओढली जाते आणि भाजताना आकसते.

लाटण्याच्या टप्प्यावर घाई करू नये. पोळपाट लहान पडतो, तेव्हा ओट्यावर किंवा बेकिंगच्या कागदावर काम करावे. अगदी थोडी पिठी भुरभुरून कणीक साधारण ३० बाय ४० सेंटीमीटरच्या आयतात लाटावी; जाडी दोन मिलिमीटरपेक्षा थोडी अधिक येईल. आयताच्या एका अर्ध्या भागावर ब्रशने दुधाचा अगदी पुसट हात फिरवावा, त्यावर फळ पसरावे आणि कडेला एक सेंटीमीटर जागा मोकळी सोडावी. फळाचा थर एकेरी हवा, दाण्याला दाणा जवळजवळ लागलेला, पण दाण्यावर दाणा चढलेला नको. नंतर उरलेला अर्धा भाग त्यावर दुमडून घ्यावा, तळहाताने मधून कडेकडे दाबत आतली हवा काढावी आणि कडा चिमटाव्यात.

यानंतरचे लाटणे हाच या बिस्किटाचा खरा कस आहे. लाटणे मागेपुढे जोरात फिरवू नये. मध्यावर ठेवून खाली दाबावे, थोडे पुढे न्यावे, उचलावे, आणि पुन्हा मध्यावर ठेवून विरुद्ध दिशेने तसेच करावे. कडेवरून लाटणे खाली उतरवू नये, नाही तर फळ तोंडापाशी गोळा होते. पहिल्या काही दाबांत लाटण्याखाली फळाचे उंचवटे हाताला स्पष्ट जाणवतात. हळूहळू ते उंचवटे बसतात, पृष्ठभाग सपाट होत जातो आणि पांढऱ्या पातीखालून करडे-जांभळे ठिपके उमटू लागतात. ठिपके दिसले पण साल उघडी पडलेली नाही, येथे थांबायचे. तोपर्यंत घडी साधारण ३६ बाय २५ सेंटीमीटर पसरलेली असते आणि जाडी चार मिलिमीटरच्या आसपास असते. एखाद्या ठिकाणी पाती फाटलीच तर कणकेचा तुकडा जोडण्याच्या फंदात न पडता तेथला उघडा दाणा काढून टाकावा आणि बोटाला दूध लावून फट मिटवावी. मध्येच कणीक मऊ, तेलकट वाटू लागली तर कागदासकट ताटात सरकवून दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावी. एप्रिल-मेच्या उकाड्यात मी हे प्रत्येक घाण्याला करतो.

कडा धारदार सुरीने सरळ कापून टाकाव्यात आणि ७ बाय ४ सेंटीमीटरच्या खुणा कराव्यात. पूर्ण कापून वेगळे केलेले तुकडे अधिक समान भाजले जातात. अर्धवट रेघ मारून पट्टी अखंड ठेवली तर कारखान्यातील बिस्किटासारखे रूप येते आणि बाजूने फळ उघडे पडत नाही. घरच्या छोट्या ओव्हनमध्ये मी पहिली पद्धत सुचवतो. बाजूच्या कापात फळ थोडे दिसेल, त्याची चिंता नको. करपतो तो वरच्या पातीवर उघडा पडलेला दाणा, कारण ओव्हनच्या वरच्या तापणाऱ्या कांडीची धग थेट त्याच्यावर येते. प्रत्येक तुकड्याला काट्याने दोन-तीन ठिकाणी टोचे मारावेत, म्हणजे वाफेला वाट मिळते. कापलेल्या कडांमध्ये फळ मिसळलेले असल्यामुळे त्या पुन्हा नीट लाटल्या जात नाहीत. त्या तशाच भाजून चहाबरोबर खाव्यात.

चकाकीसाठी तिकडे अंड्याचा पांढरा बलक आणि वर दाणेदार साखर, असा रिवाज आहे. अंडे नको असेल तर २ मोठे चमचे दुधात १ छोटा चमचा पिठीसाखर विरघळवून त्याचा पातळ हात द्यावा आणि वरून बारीक साखर भुरभुरावी. दुधातील प्रथिने आणि साखर मिळून तपकिरी रंग चांगला आणतात. अंड्याइतकी काचेसारखी झळाळी येत नाही, आणि ती येईल असे सांगणे योग्य होणार नाही. सायीचे किंवा आटवलेले दूध वापरल्यास थोडा फरक पडतो. मध मात्र लावू नये; तो रंग लवकर आणतो, परंतु हवेतील ओलावा ओढून घेतो, आणि आपली मूळ तक्रार सादळण्याचीच आहे.

भाजण्याच्या बाबतीत आकड्यांपेक्षा खुणा अधिक भरवशाच्या, कारण घरगुती ओव्हनच्या बटणावर लिहिलेले तापमान आणि आतले तापमान यांत बराच फरक असू शकतो. ओव्हनचा साधा तापमापक बाजारात मिळतो, तो जरूर घ्यावा. ओव्हन १९० अंश सेल्सिअसला पंधरा मिनिटे तापू द्यावा, ताट मधल्या कप्प्यात ठेवावे, दोन्ही कांड्या चालू ठेवाव्यात आणि १२ ते १४ मिनिटांत बिस्किटांना मधासारखा रंग येऊ द्यावा. एखादे बिस्किट उलथून पाहावे. खालची बाजूही पांढरट न राहता बदामी झालेली हवी. इतक्यात पुष्कळ जण ताट बाहेर काढतात, आणि तेथेच पातीच्या पोटात ओलावा राहून जातो, कारण फळामुळे मधला भाग कडेपेक्षा उशिरा कोरडा होतो. मी याच वेळी तापमान १४० अंशांवर आणतो, ओव्हनचे दार क्षणभर उघडून वाफ जाऊ देतो आणि आणखी ६ ते ८ मिनिटे बिस्किटे आतच ठेवतो. या दुसऱ्या टप्प्यात रंग फारसा वाढत नाही, पण पाती आतपर्यंत सुकते. वेळ वाढवताना एकच जपावे: फळाचा वास जळक्या साखरेकडे झुकू लागला की रंगाची वाट न पाहता ताट बाहेर काढावे.

भाजून झाल्यावर बिस्किटे तापलेल्या ताटातच राहू देऊ नयेत, कारण खाली वाफ धरते. जाळीवर काढून ती पूर्णपणे गार होऊ द्यावीत. फळ उष्णता धरून ठेवते, त्यामुळे वरून गार लागलेले बिस्किट आतून कोमट असू शकते. एखादे मोडून मधल्या फळाला ओठ लावून पाहिले की खात्री होते. कोमट बिस्किटे डब्यात भरली तर झाकणाला घाम येतो आणि सगळी मेहनत वाया जाते. पुण्यात उन्हाळ्यात आणि थंडीत घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ती आठ-दहा दिवस छान राहतात. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र एवढ्या मुदतीची खात्री मी देणार नाही. त्या दिवसांत घाणाच लहान करावा आणि तीन-चार दिवसांत संपवावा. तरीही सादळलीच तर १४० अंशांवर पाच-सहा मिनिटे ठेवून जाळीवर गार करावीत, पाती पुन्हा कडक होते. हा उपाय एकदाच करावा, कारण प्रत्येक वेळी फळ अधिक सुकत जाऊन चामट होते.

या सगळ्या सूचना एकदम अमलात आणल्या तर कशाने काय सुधारले ते आपल्याला समजणार नाही, म्हणून क्रम सुचवतो. पुढच्या घाण्यात सध्याचेच मनुके ठेवावेत, मात्र न भिजवता, चिरून. आणि लोणी २०० ग्रॅम मैद्याला ५० ग्रॅमवर आणावे. पाती फाटणे थांबले आणि दुसऱ्या दिवशी बिस्किट मोडताना आवाज आला, तर ओव्हनला हात लावण्याची गरज नाही. पाती फाटली नाही पण बिस्किट तरीही मऊच राहिले, तर १४० अंशांचा दुसरा टप्पा जोडावा. दोन्ही करूनही ते सादळत असेल, तर मनुके बदलावेत, आणि त्या वेळी फळाचे धुण्याआधीचे नव्हे तर चिरल्यानंतरचे वजन, ओव्हनमधील तापमापकाने दाखवलेला आकडा आणि बिस्किटाच्या खालच्या बाजूचा रंग, एवढे मला कळवावे. त्यावरून पुढचे सांगता येईल.